गाडीतल्या वहिनी

भावजी,

हे पत्र लिहायची खरं तर गरज नव्हती. तुमची खोली आणि माझं स्वयंपाकघर यांच्यात एकच भिंत आहे, आणि तीही अशी की तुम्ही शिंकलात तर माझ्या कपाटातल्या बश्या वाजतात. पण तोंडी बोलायला गेलं की तुमची एक खोड आडवी येते. माझ्या वाटचं बोलणंही तुम्हीच बोलून टाकता. मी तोंड उघडायच्या आत 'हो हो, तुम्ही म्हणणार की' असं सुरू होतं, आणि संपतं तेव्हा मी नेमकं काय म्हणाले हे मलाच कळत नाही. कागदावर ती सोय नाही. मी लिहीन, तुम्ही वाचाल. मधे बोलावंसं वाटलं तर भिंतीशी बोला, तुम्हाला सवय आहे.

दुसरं असं की तुमच्याबद्दल तुम्हालाच 'तुम्ही असे, तुम्ही तसे' लिहीत बसले तर चौथ्या ओळीत भांडण होईल. म्हणून तुमची गोष्ट परक्या माणसाची असावी तशी सांगते. मलाही त्यात वहिनी म्हणूनच घालते, तिऱ्हाइतासारखी. तुमच्या मनात काय चाललं होतं हे मला कसं ठाऊक, असं विचारू नका. इतकी वर्षं तुम्ही माझ्या मनातलं सांगत आलात, आता माझी पाळी.

तर, एक बटणराव होते.

त्यांचं खरं नाव फक्त पगाराच्या पावतीवर होतं. ते बटणांचे फिरते विक्रेते. नमुन्यांची पेटी घेऊन गाडीत बसायचं, गावोगावचे शिंपी, कापडवाले, तयार कपड्यांचे कारखाने गाठायचे, पेटी उघडून पुठ्ठ्यांवर शिवलेली बटणं दाखवायची, मागणी घ्यायची आणि परतीची गाडी पकडायची. बटणं शिंपल्याची असायची, लाकडाची असायची, शिंगाची असायची आणि शिंगाची म्हणून खपणारी प्लॅस्टिकचीही असायची. लग्न केलं नव्हतं. त्याला काही मोठं कारण नव्हतं. ज्या वयात लोक मुली बघतात त्या वयात बटणराव गाडीत होते, एवढंच.

बटणं विकणं त्यांना अवघड नव्हतं. अवघड होतं ते गाडीत बसणं. त्यांची गाडी अशी की तिच्या नंतर निघालेली बातमीही तिच्या आधी पोचावी इतकी ती प्रत्येक खांबाची विचारपूस करत जायची. वेळ घालवायचा तरी कसा?

पहिल्यांदा पुस्तक करून पाहिलं. चालत्या गाडीत आधी अक्षरं नाचायची आणि मग पोट. मग पत्ते आणले, एकट्याने मांडायचे. पण एकट्याने मांडलेल्या पत्त्यांना डबाभर मालक असतात. "राजा उचला, राजा!" समोरचा. "राजा काय उचला? आधी दश्शी!" वरच्या बाकावरून एक उलटं डोकं. शेवटी त्या दोघांचीच जुंपली, आणि पत्ते त्यांच्या स्वाधीन करून बटणराव दाराशी जाऊन उभे राहिले. मग झोप काढून पाहिली, तर झोपेत स्टेशन गेलं आणि जिथे बटणाला कुत्रं विचारत नाही अशा गावात अख्खा दिवस काढावा लागला. माणसांशी बोलावं, तर पहिला प्रश्न 'काय करता?', दुसरा 'मुलंबाळं?', तिसरा 'का बरं?' आणि तिथून पुढे समोरच्याच्या मेहुणीचं स्थळ.

शेवटी ते बटणांकडे बघायला लागले. दुसऱ्यांच्या. एखाद्याच्या सदऱ्याला सगळी बटणं काळ्या दोऱ्याने आणि एकच पांढऱ्याने लावलेलं असलं, तर ते त्याने स्वतः लावलंय, म्हणजे घरात अबोला आहे. उकाड्यात गळ्याशी बटण लावून बसलेला माणूस शाळामास्तर तरी असणार नाहीतर नवा जावई. कोटाची सगळी बटणं वेगवेगळी असली तर तो अतिशय प्रामाणिक, किंवा कोट त्याचा नव्हे. असा एक एक प्रवासी ते सोलून काढायचे. खेळ मजेचा होता. पण गंमत एकट्याने पाहिली की ती अर्धीच राहते. हसू येतं आणि ते कुठे ठेवावं कळत नाही.

एकदा त्यांच्या समोर एक गृहस्थ येऊन बसले. देह भारदस्त, कोट लग्नातला, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या लग्नातला. पोटावरचं बटण एका धाग्यावर जीव मुठीत धरून होतं. बटणराव पुटपुटले, "वहिनी, बघा, हे बटण पुढच्या स्टेशनाचं तोंड बघत नाही."

वहिनीच का आठवाव्यात? दुसरं होतं कोण? घरात बोलायला दोनच माणसं. थोरले भाऊ कोर्टात कारकून, त्यांच्याशी 'आज उकडतंय' म्हणायचं तरी पुरावा हवा. उरल्या वहिनी. आणि वहिनींनी तिथल्या तिथे उत्तर दिलं, अगदी त्यांच्या ठसक्यात: "बटणाचं काय घेऊन बसलात, त्या दोऱ्याचं कौतुक करा! असा दोरा मिळाला तर मी संसार बांधून ठेवीन."

बटणराव फिसकन हसले. त्याच क्षणी बटण सुटलं, खिडकीच्या गजावर टण्णकन आपटलं आणि बाकाखाली गेलं.

"हसता काय?" गृहस्थ म्हणाले. "शोधा!"

बाकाखाली ओणवे होऊन बटण शोधतानाही बटणराव हसत होते. त्या दिवसापासून ते एकटे म्हणून फिरले नाहीत.

शेजारच्या जागेवर ते आपली कापडी पिशवी ठेवत. कोणी विचारलंच, "इथे कोणी आहे का हो?" तर सांगत, "वहिनी आहेत. बसा हवं तर, पण आल्या की उठावं लागेल. तापट आहेत जरा." माणसं ताटकळत उभी राहायची, पण त्या जागेवर बसायची नाहीत.

गाडीतल्या वहिनी आणि घरातल्या वहिनी यांच्यात एकच फरक होता. घरातल्या वहिनींना दुसऱ्याचं वाक्य शेवटपर्यंत ऐकण्याचा कंटाळा.

"वहिनी, आज गाडीत काय झालं, एक जण ना..."

"मेला का?"

"नाही."

"मग ताटं घ्या."

गाडीतल्या वहिनी वाक्य पुरं होऊ द्यायच्या. आवाज तोच, टोमणे तेच, 'तुमचं आपलं काहीतरीच' हेही तेच. पण ऐकून घेऊन मग.

बोलणं इतकं वाढलं की कोणतं कोणत्या वहिनींशी झालं याचा हिशेब राहिना. एकदा जेवताना बटणराव पडद्याकडे बघून म्हणाले, "काढलेच नाहीत का हे? तुम्हीच तर म्हणालात, या हिरव्या रंगाने खोली आजारी दिसते."

"मी? कधी म्हणाले?"

"परवाच नाही का. बोगद्याच्या अलीकडे."

थोरल्यांनी चष्मा कपाळावर घेतला. "कोणता बोगदा?"

बटणरावांनी पाण्याचा पेला तोंडाला लावला आणि तो रिकामा झाल्यावरही बराच वेळ तसाच धरून ठेवला.

असंही निभलं असतं. पण खालच्या मजल्यावर दंतवैद्य राहत. एकदा ते त्याच गाडीत, नेमके पाठीला पाठ लावलेल्या बाकावर निघाले. परत आल्यावर त्यांनी ती हकिकत थोरल्यांना सांगितली, तीही थोरल्यांच्या तोंडात कापसाचे बोळे असताना, त्यामुळे थोरल्यांना उलटतपासणी घेता आली नाही.

"वाईट वाटून घेऊ नका," दंतवैद्य म्हणाले, "पण तुमचे धाकटे बंधू एका पिशवीशी भांडत होते. आणि पिशवी जिंकत होती."

बटणरावांच्या मालकांची कवळीही याच दंतवैद्यांच्या हातची. मग काय, गोष्ट षट्कर्णी झाली. एका संध्याकाळी मालक स्वतः घरी आले, खुर्चीच्या अगदी कडेला बसले आणि आजाऱ्याशी बोलतात तसे हळू बोलायला लागले.

"बटणराव, खूप फिरलात. आता जरा आराम. गोदाम सांभाळा आमचं. खुर्ची आहे, पंखा आहे, दगदग नाही."

बटणरावांनी गोदाम पाहिलेलं होतं. तळघरात होतं ते. छतापर्यंत पोती आणि पोत्यांत बटणं. पण पोत्यातलं बटण बघून काय कळणार? ते कोणाच्या पोटावर ताणलेलं नाही, कोणी रागाच्या भरात तोडलेलं नाही. बटण माणसावर असावं लागतं. आणि तिथे माणूस एकच असणार होता, बटणराव. जन्मभर गाडीचा कंटाळा घालवण्याच्या युक्त्या शोधणाऱ्या माणसाला त्या क्षणी कळलं की गाडी गेली तर आपल्याजवळ काहीच उरत नाही.

"मला गोदाम नको," ते म्हणाले. इतक्या बारीक आवाजात की मालकांनी "चहा नको?" असा चेहरा केला.

"तू ठीक आहेस याला पुरावा काय?" थोरल्यांनी विचारलं.

"पुरावा, पुरावा!" आतून वहिनी आल्या. "पंचनामा करायला चोरी झालीय का इथे? पुढच्या खेपेला मी जाते यांच्याबरोबर. डोकं फिरलेलं असेल तर गोदाम, नसेल तर गाडी. मी सांगेन ते शेवटचं. चालेल?"

मालकांनी वहिनींकडे पाहिलं आणि चालेल म्हणाले. न चालून सांगतात कोणाला.

बटणरावांची मात्र पंचाईत झाली. दुसऱ्या कोणासमोरही ते शहाण्यासारखे बसले असते. पण शेजारी खुद्द वहिनी असताना वहिनींशी न बोलता राहायचं कसं?

ठरल्या दिवशी वहिनी स्टेशनवर आल्या त्या पाठीला लावायची उशी, जाडजूड पुस्तक आणि कपाळाला आठी घेऊन. खिडकीची जागा त्यांनी घेतली. पिशवीच्या जागेवर बटणराव बसले आणि पिशवी वरच्या फळीवर गेली. बटणरावांना उगीचच कोणाचा तरी अपमान झाल्यासारखं वाटलं.

गाडी सुटली. समोर एक जण बसला होता, त्याच्या बाहीचं बटण चुकीच्या काजात अडकलेलं.

"वहिनी, तो समोरचा बघा. घाईत निघालाय. घरी बहुतेक..."

"बोट दाखवू नका माणसांकडे."

"बोट नाही, नुसतं..."

"भावजी, आज परीक्षा तुमची आहे. माझी घेऊ नका."

मग वहिनींनी पुस्तक उघडलं, दोन पानं वाचली आणि तोंड उघडं टाकून झोपी गेल्या. बटणराव एकटेच उरले. त्यांच्या समोरून किती गमती गेल्या! मोजड्यांना शर्टाची बटणं लावलेली बाई गेली. एकाच कापडाचे सदरे घातलेली बापलेकाची जोडी गेली, बापाचा सदरा उरलेल्या तुकड्यातून शिवलेला. दर वेळी बटणरावांना वाटे, हे वहिनींना सांगायला हवं. वहिनी शेजारीच होत्या. पण ह्या नव्हेत, त्या.

मग तिकीट तपासनीस आला. त्याच्या काळ्या कोटावरची सगळी बटणं रेल्वेची, पण मधलं एक चकचकीत पितळी, बँडवाल्यांच्या गणवेशाचं. आता मात्र राहवेना. बटणरावांनी मान दुसऱ्या बाजूला वळवली आणि ओठ न हलवता म्हणाले, "पाहिलंत? फावल्या वेळात वरातीत वाजवतो हा."

आणि लगेच, जरा ठसक्यात: "तरीच तिकिटाला भोक तालात पाडतोय."

"हे कोण बोललं?" वहिनींचे डोळे टक्क उघडे.

"मी."

"ते आधीचं. नंतरचं कोण?"

बटणरावांनी तिकिटाचं भोक न्याहाळलं. गाडी एका पुलावरून गेली. पूल संपला तरी वहिनी त्यांच्याकडेच बघत होत्या.

"तुम्ही," बटणराव म्हणाले.

मग सगळंच सांगावं लागलं. लग्नातल्या कोटापासून. वहिनींनी ते मधे न बोलता ऐकलं, हे त्यांच्या बाबतीत आजारपणाचं लक्षण होतं.

"म्हणजे ती पिशवी मी?"

"नाही हो! पिशवी नुसती जागा धरून ठेवते."

वहिनी खिडकीबाहेर बघायला लागल्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "तालात भोक पाडतो, हे मात्र मी बरं बोलले."

पहिलं दुकान कापडवाल्याचं. वहिनींना बघून तो गादीवरून अर्धा उठला. "ह्याच का त्या?"

"ह्याच कोण?" वहिनींनी विचारलं.

"बसा, बसा ताई! अरे, खुर्ची आणा! आज स्टेशनवरून आत आलात हे आमचं भाग्य. मागच्या खेपेला शिंपल्याच्या बटणांचा भाव तुम्ही काही उतरू दिला नाहीत. पण माल चोख निघाला, हे कबूल करायला हवं."

वहिनींनी बटणरावांकडे पाहिलं. बटणराव पेटीच्या कुलपाशी झटापट करत होते. हळूहळू उलगडा झाला. कोणी भावात घासाघीस केली की बटणराव म्हणत, 'माझी काही हरकत नाही हो, पण वहिनी स्टेशनवर बसल्यात, त्या ऐकायच्या नाहीत.' कोणी बसवून घेतलं की 'निघतो, वहिनी खोळंबल्यात.' साऱ्या गावात वहिनींचा दरारा होता आणि वहिनींनी ते गाव पहिल्यांदाच पाहिलं होतं.

कारखानदाराचं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर. वहिनी जिना चढून वर पोचल्या तर तो धावत पुढे आला. "आता गुडघा कसा आहे?"

"कोणाचा?"

"तुमचा! ज्याच्यामुळे तुम्ही जिना चढत नाही तो."

"त्याला काय धाड भरलीय?" असं वहिनींच्या अगदी ओठावर आलं होतं. पण त्यांनी बटणरावांचा चेहरा पाहिला आणि खुर्चीत बसून गुडघ्यावरून हात फिरवला. "बदलत्या हवेत दुखतो," त्या म्हणाल्या. "पण म्हटलं, यंदा मागणी कमी आलीय तुमची, जातीने बघावं का ते." कारखानदाराने घाम पुसला आणि मागणी वाढवून दिली.

रस्त्यावर आल्यावर बटणराव खुलले होते. "वहिनी, काय बोललात! अगदी तुमच्यासारखं!"

"मीच आहे ती," वहिनी म्हणाल्या.

शेवटचं दुकान एका गल्लीत होतं. गल्ली आली तशी बटणरावांची चाल मंदावली. त्यांनी रुमालाने बूट पुसले, मग त्याच रुमालाने तोंड पुसलं. "इथे नाही गेलं तरी चालेल. लहानसं गिऱ्हाईक आहे. गाडी चुकेल."

"गाडीला अवकाश आहे. चला."

दुकानात शिलाईची तीन यंत्रं होती आणि एकाच यंत्रावर माणूस होतं. शिंपीणबाई. पन्नाशीच्या, गळ्यात टेप, ओठांत टाचण्या. टाचण्या न काढता त्यांनी बटणरावांना मानेने खुर्ची दाखवली आणि बटणराव रोजचे असल्यासारखे त्या खुर्चीत बसले. खुर्चीवर एक उशी होती. गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर कोणी उशी ठेवत नाही. मग बाईंची नजर वहिनींवर गेली. त्यांनी एक एक करून टाचण्या ओठांतून काढल्या, टाचण्यांच्या गादीत खोचल्या आणि तोंड मोकळं केलं.

"तुम्ही वहिनी."

"हो."

"इतकी वर्षं स्टेशनवर बसून राहता. आत यायला काय होत होतं? खाल्लं असतं का मी?"

"बाई, ऐका..." बटणराव उठले.

"तुम्ही बसा," दोघी एकदम म्हणाल्या. बटणराव बसले.

"नाही म्हणायचं होतं ना, तर समोर येऊन म्हणायचं," शिंपीणबाई म्हणाल्या. "मी काही रडत बसले नसते. मला शिवण उसवायची सवय आहे. पण माणसाने तोंड तरी दाखवावं."

"मी कशाला नाही म्हणाले?"

"आता हेही मीच सांगू? मीच विचारलं होतं ह्यांना. सरळ. म्हटलं, तुम्ही तिकडे एकटे, मी इथे एकटी, महिन्यातून एकदा चहा पिऊन उठून जाता, त्यापेक्षा कायमचे बसा. तर म्हणाले, वहिनींना विचारून सांगतो. पुढच्या खेपेला आले, इथेच बसले, म्हणाले, वहिनी नको म्हणतात."

वहिनींनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. खरं सांगावं तर बटणरावांची अब्रू जाते, आणि खोटं सांगावं तर स्वतःची. बटणराव समोर पुठ्ठ्यावरची बटणं उलटी सुलटी करत होते, जणू त्यातलं एखादं त्यांच्या बाजूने बोलणार होतं.

"मी विचार करून कळवते," वहिनी म्हणाल्या.

"घ्या आणखी वेळ," शिंपीणबाई म्हणाल्या. "कापड कुठे पळतंय." आणि टाचण्या पुन्हा ओठांत गेल्या.

परतीच्या गाडीत डबा रिकामा होता. वहिनींनी उशी बाजूला ठेवली, पुस्तक बाजूला ठेवलं आणि पदर खोचला.

"बोला. मी नको का म्हणाले?"

"तुम्ही म्हणालात, या वयात लोक हसतील."

"लोक हसतील, असं मी म्हणाले? मी? तुमच्या भावाशी लग्न केलं तेव्हा निम्मं गाव हसत होतं. मी विचारलं होतं का कोणाला? भावजी, खोटं बोलायचं तर निदान माझ्या तोंडी शोभेल असं बोला."

बटणराव खिडकीतून बाहेर बघत राहिले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

"नंतर म्हणालात," ते शेवटी म्हणाले, "की लग्न झालं की या खेपा कमी होतील. झाल्या तरी बाई बरोबर येतील. मग माझी जागा कुठे? इतकी वर्षं बसतेय मी इथे, आता मला वरच्या फळीवर टाकणार का?"

वहिनींनी वर पाहिलं. वरच्या फळीवर पिशवी गाडीच्या तालावर हलत होती.

"बरोबर म्हणाल्या त्या," वहिनी म्हणाल्या, पहिल्यांदाच गाडीतल्या वहिनींना 'त्या' म्हणत. "पण स्वार्थी आहेत. माझं ऐका, त्यांचं नको. माझं म्हणणं हो आहे. पुढच्या खेपेला जायचं, त्या उशीवर बसायचं आणि सांगायचं, वहिनी हो म्हणतात. एवढंच. आपल्या तोंडाने. हे करणार असाल तर घरी जाऊन मी गाडीच्या बाजूने बोलते. नाहीतर गोदाम. खुर्ची आहे, पंखा आहे."

"करतो," बटणराव म्हणाले. "नक्की."

घरी मालक आणि थोरले वाट बघत बसले होते.

"काय निकाल?" थोरल्यांनी विचारलं.

"शहाणे आहेत. गाडी चालू ठेवा."

"पुरावा?"

"मी."

आणि गाडी चालू राहिली. पुढच्या खेपेहून बटणराव परतले तेव्हा वहिनी दारातच उभ्या.

"सांगितलंत?"

"दुकानात गिऱ्हाईक होतं हो."

त्याच्या पुढच्या खेपेला बाईंच्या तोंडात टाचण्या होत्या. टाचण्या असताना त्या उत्तर देत नाहीत, मग विचारून उपयोग काय? त्याच्या पुढच्या खेपेला उशीला नवा अभ्रा होता, त्याचंच बोलणं निघालं. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, ही कला बटणरावांनी शिगेला नेली. एकदा तर ते आले ते हसतच.

"आज अगदी सांगणारच होतो. पण वाटेत तुम्हीच म्हणालात, घाई कशाला."

"मी असं म्हणाले?" वहिनींनी कपाळावर हात मारला. "जन्मात कधी मी 'घाई कशाला' म्हणाले आहे? ती बाई कोण आहे कोण? तिला उतरवा गाडीतून!"

"तुम्हीच आहात हो," बटणराव म्हणाले. "आता जरा निवळला आहात, एवढंच."

इथपर्यंत तिऱ्हाइताची गोष्ट पुरे.

भावजी, मी स्वतः जाऊन सांगितलं असतं तर हे केव्हाच उरकलं असतं, तुम्हाला ठाऊक आहे. माझा गुडघा ठणठणीत आहे. पण बाईंनी विचारलं तुम्हाला. त्याचं उत्तर पुन्हा माझ्या तोंडून गेलं तर ते पुन्हा वहिनींचंच होईल, आणि वहिनींच्या उत्तराला त्या गल्लीत आता काडीची किंमत राहिलेली नाही. परवा तुम्ही परत आलात, बूट पुसलेले होते, रुमाल मळलेला होता, म्हणजे दुकानाच्या दारापर्यंत पोचला होतात. मी विचारलं नाही आणि तुम्हीही सांगितलं नाही. जेवताना उगीच बँडवाल्या तिकीट तपासनिसाची बढती झाल्याचं सांगत राहिलात, आणि मी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, लक्षात आलं असेल.

गाडीत तुमच्या शेजारी बसणाऱ्या वहिनींना काय म्हणायचं ते म्हणू द्या. स्वयंपाकघरातली वहिनी हो म्हणाली होती. तो निरोप अजून गाडीतच आहे.